चाल न लावणारा संगीतकार

मराठीत 'संगीतकार' या शब्दाचा अर्थ केव्हाच ठरून गेला आहे. जो दुसऱ्याच्या शब्दांना चाल लावतो, तो संगीतकार. शब्द आधी, चाल नंतर, आणि वाद्ये त्याही नंतर. तीही कडव्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, पाहुण्यासारखी. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' अशी संज्ञाच दिली आणि ती आपण इतक्या आनंदाने स्वीकारली, की शब्दावाचून संगीत असू शकते ही गोष्ट जणू शेजारच्या प्रांतातली होऊन बसली. वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' (१९६१) हे आमच्या भाषेतले संगीतविचाराचे फार मोलाचे पुस्तक. पण त्याच्या नावातच गायकी आहे, घराणी गळ्यांची आहेत. याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या साठ वर्षांबद्दल, साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या आपणा सर्वांबद्दल, आणि म्हणून आमच्या स्वतःबद्दलही.

निमित्त एका बासरीवादकाचे आहे. विजय राघव राव. १९२५ साली मद्रासला जन्म, २०११ साली अमेरिकेत मृत्यू, आणि मधला कर्तृत्वाचा मोठा काळ मुंबईत. पंडित रविशंकरांचे शिष्य, बासरीवादक, नृत्यरचनाकार, कविता आणि कथा लिहिणारे गृहस्थ, आणि फिल्म्स डिव्हिजनच्या असंख्य लघुपटांचे संगीत दिग्दर्शक. १९७० साली पद्मश्री, १९८२ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. हा दुसरा पुरस्कार त्यांना बासरीवादनाच्या वर्गात मिळालेला नाही, सर्जनशील आणि प्रायोगिक संगीताच्या वर्गात मिळाला आहे. म्हणजे सरकारी दप्तराने ज्यांना 'प्रायोगिक' असे नाव घेऊन सांगितले, अशा मोजक्या संगीतकारांपैकी ते एक. आणि 'प्रायोगिक' या शब्दावर आमच्या मराठी विभागांत दर वर्षी किमान एक चर्चासत्र होते. इतक्या वर्षांत अशा किती चर्चासत्रांच्या खुर्च्या आम्ही झिजवल्या असतील! रावांचे नाव एकदाही कानावर आले नाही.

लगेच आक्षेप येईल की ते मराठी नव्हते. खरे आहे. पण कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घरची भाषा कानडी, आयुष्य गेले देवासला. त्यांच्यावर मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे दुसऱ्या कोणा गायकावर क्वचितच लिहिले गेले असेल, आणि ते योग्यच झाले. तेव्हा मातृभाषेचा दाखला आपण मागतो तो सोयीने मागतो. कुमारांना तो मागितला नाही कारण ते गात होते. कबीर, तुकाराम, सूरदास यांचे शब्द घेऊन आपल्या दारात आले होते. रावांच्या हातात बांबूची एक नळी होती आणि पुढे ध्वनिमुद्रणाचे यंत्र. त्यांच्याजवळ आपल्याला वाचायला काहीच नव्हते.

आता आमचा मुख्य मुद्दा सांगतो, आणि तो आमच्या गावावरून सांगतो, कारण हा मुद्दा पुण्या-मुंबईवरून सांगता येणार नाही.

धामणगाव रेल्वे हे गाव. नावातच रेल्वे आहे, कारण धामणगावे पुष्कळ आणि आगगाडी थांबते ते हे. मुंबई-नागपूर मार्गावर चांदूर आणि पुलगाव यांच्यामधले स्टेशन, कापसाची बाजारपेठ, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, शेजारी चिकटलेले दत्तापूर. अशा गावात प्रायोगिक कला पोहोचत नाही, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. अनियतकालिके निघाली ती मुंबईत, छबिलदासची रंगभूमी दादरला, समांतर चित्रपटांचे खेळ फिल्म सोसायट्यांमध्ये. वऱ्हाडच्या वाट्याला तुकडोजी महाराजांची खंजिरी, गाडगेबाबांचे कीर्तन आणि टॉकीजमधला हिंदी सिनेमा. हा नकाशा इतका पक्का झाला आहे की तो आम्हीच वर्गात फळ्यावर काढून दाखवतो.

पण टॉकीजमध्ये सिनेमाच्या आधी काय दाखवत होते? १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि पुढची कित्येक दशके देशातल्या प्रत्येक चित्रपटगृहाला परवान्याची अट म्हणून तिचे वार्तापट आणि लघुपट मुख्य चित्रपटाबरोबर दाखवावे लागत. अट साधारण दोन हजार फूट फिल्मची, म्हणजे वीसेक मिनिटांपर्यंतची, आणि वर थिएटरवाल्याने त्याचे भाडेही भरायचे. मोठ्या शहरांत फिल्म आधी लागे. मग तीच प्रत चरे पडत, तुटत, जोडली जात लहान गावांकडे सरके. आमच्याकडचे चित्रपट वितरणाचे मोठे ठाणे म्हणजे अमरावती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या थिएटरांना चित्रपट पुरवणाऱ्यांची कार्यालये तिथे होती. पत्र्याचे गोल डबे पार्सलच्या डब्यातून येत. त्या डब्यांत राज कपूर असे, दारासिंग असे, आणि त्यांच्याच खाली कुठेतरी विजय राघव राव असत.

त्या लघुपटांत 'वाजणारे काहीतरी' हे त्या काळातल्या भारतातले कदाचित सर्वांत दूरवर पोहोचलेले प्रायोगिक संगीत होते, असे आमचे म्हणणे आहे. ते ऐकायला तिकीट वेगळे नव्हते, निमंत्रण नव्हते, इंग्रजी यावे लागत नव्हते. नांगर बाजूला ठेवून आलेला माणूस शेंगा फोडत ते ऐकत होता.

हे लिहिताना आमच्या मनात विशेषतः १९६५ नंतरचा काळ आहे. जाँ भावनगरी फिल्म्स डिव्हिजनमध्ये परतले आणि प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारख्या दिग्दर्शकांना हात मोकळे मिळाले. पती हे ओरिसाचे, प्रागला जाऊन बाहुल्यांच्या चित्रपटांचे तंत्र शिकून आलेले. त्यांचा 'एक्स्प्लोरर' (१९६८) हा सात-आठ मिनिटांचा लघुपट. त्याचे संगीत रावांचे. त्यात निवेदन नाही, संवाद नाहीत. नाचणारी तरुण मुले, प्रयोगशाळा, देव, अक्षरे, चेहरे एकमेकांवर आदळत जातात, काही प्रतिमा तर डोळा मिटून उघडेपर्यंत निघून गेलेल्या असतात. आणि ध्वनी चित्राच्या मागे मागे चालत नाही. तो कधी चित्राला अडवतो, कधी त्याच्या पुढे धावतो. यंत्रातून काढलेले ध्वनी, जप, ठेका, कल्लोळ. ज्याला आपण 'पार्श्वसंगीत' म्हणतो त्या शब्दातला 'पार्श्व' इथे उरत नाही. फिल्म्स डिव्हिजनच्या इतर पटांचे निवेदन निरनिराळ्या भाषांत करून घ्यावे लागे, मराठीतही. 'एक्स्प्लोरर'चे मराठी करण्याची गरजच नव्हती. तो जसा मुंबईचा तसा धामणगावचा होता. मराठी अभ्यासकांनी या वाक्यापाशी थोडे थांबावे अशी आमची विनंती आहे.

त्याच सुमारास अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा काहीजणांनी त्यावर चारेक वर्षे काम केले. त्या फिती कपाटात पडून राहिल्या. पुढे पॉल परगस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधल्या आणि २०२३ साली त्यांची तबकडी निघाली, तेव्हा जगभरच्या नियतकालिकांनी 'भारतातले हरवलेले इलेक्ट्रॉनिक संगीत' म्हणून त्यांचा गौरव केला. त्या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण गंमत अशी की जे कपाटात होते ते 'हरवलेले' म्हणून सापडले. आणि जे गावोगावच्या पडद्यांवर उघड्याने वाजत होते त्याला हरवण्याचा मानही मिळाला नाही. कोणाच्या तरी कुलुपात असल्याशिवाय वस्तूला किंमत येत नाही, एवढाच याचा अर्थ घ्यायचा काय?

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेता येतील आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा, की हे सगळे सरकारी प्रचाराचे चित्रपट होते. रावांनी ज्यांना संगीत दिले त्या चित्रपटांनी धरणांची महती गायिली, कुटुंबनियोजनाचा उपदेश केला, एकात्मतेचे धडे दिले. पतींचा 'क्लॅक्सप्लोजन'सुद्धा कुटुंबनियोजनाचीच जाहिरात आहे. पगारी संगीतकार प्रायोगिक कसा? या आक्षेपाला 'कलावंताने व्यवस्थेत राहून व्यवस्थेला सुरुंग लावला' असे ठरावीक उत्तर देतात. आम्हाला ते पटत नाही. रावांनी कशाला सुरुंग लावल्याचे आम्हाला दिसत नाही. त्यांनी नोकरी केली. त्या नोकरीने त्यांना ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ दिला, वादक दिले, आणि 'अमुक सेकंदांत अमुक संपले पाहिजे' अशी कडक शिस्त दिली. हिंदी चित्रपटाच्या निर्मात्याला गाणे हवे असते, मैफलीच्या श्रोत्याला ओळखीचा राग हवा असतो; सरकारी खात्याला चित्रपट वेळेत हवा होता आणि खाली वाजते काय याकडे साहेबांचे लक्ष नव्हते. या दुर्लक्षाच्या फटीत रावांनी जे केले ते केले. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला, तोही पगारीच होता. महसुलाच्या हिशेबाचा अधिकारी होता तो.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. सक्तीने ऐकवलेले संगीत लोकांनी ऐकले असे कसे म्हणता? आणि इथे आम्हाला कबूल केले पाहिजे की आम्ही शाळकरी पोरे टॉकीजमध्ये जात असू तेव्हा 'न्यूजरील' सुरू झाली की मोठी माणसे बिडी ओढायला बाहेर जात आणि आम्ही पुढच्या बाकावरून मागच्या रिकाम्या खुर्च्यांवर सरकत असू. पडद्यावर पूर यायचा, पंतप्रधान फीत कापायचे, गव्हाची नवी जात डोलायची. त्यातले निवेदकाचे एकही वाक्य आज आठवत नाही. बासरी आठवते. कोणत्या पटातली, कोणाची, काही सांगता येणार नाही. पण मधेच एकदम सगळे वाद्यवृंदाचे ओझे उतरवून एकटीच निघालेली बासरी, आणि मग तिच्यावर येऊन आपटणारा कसलातरी घण, हे आठवते. हा पुरावा नव्हे, हे आम्हाला समजते. पण 'लोकांना कळत नाही' असे म्हणणाऱ्यांकडे तरी कोणता पुरावा असतो? त्यांनी लोकांना कधी विचारलेले नसते. आम्ही निदान त्या खुर्च्यांवर बसलो होतो.

याच्या शेजारी दुसरी आठवण ठेवून पाहा. विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' (१९७४) हा सजीवपट फिल्म्स डिव्हिजनचाच. संगीत वसंत देसाई यांचे. पन्नाशीच्या कोणत्याही माणसाला विचारा, तो ते गाणे पूर्ण म्हणून दाखवेल. गोड आहे, सुंदर आहे, आणि त्याला शब्द आहेत. शब्द असले की स्मृतीला मूठ मिळते. ज्या संगीताला मूठ नाही ते उचलून घरी कसे न्यायचे, याची युक्ती श्रोत्याला कोणीतरी शिकवावी लागते. ते काम समीक्षेचे होते. समीक्षा शब्दांच्या घरी जेवायला बसली होती.

मृणाल सेन यांनी मात्र कान दिला. 'भुवन शोम' (१९६९), 'इंटरव्ह्यू' (१९७१), पुढे तेलुगूतला 'ओका ऊरी कथा' (१९७७) यांचे संगीत त्यांनी रावांकडे सोपवले. 'भुवन शोम' आमच्यासारख्या रेल्वेच्या गावाने तर तोंडपाठ करावा असा चित्रपट. रेल्वेतला एक कडक, एकाकी अधिकारी. त्याची शिकारीची हौस. गुजरातेतले वाळूचे पट्टे. आणि गौरी ही खेड्यातली मुलगी, जिचे ठरलेले माणूस रेल्वेतच तिकिटे तपासतो आणि चिरीमिरी खातो. गौरीचे काम करणाऱ्या सुहासिनी मुळे याच विजयाबाईंच्या कन्या. हिंदीतल्या नव्या सिनेमाचा आरंभ या चित्रपटापासून मोजतात, आणि त्यावर लिहिताना उत्पल दत्त, के. के. महाजनांचा कॅमेरा, अमिताभ बच्चन यांचा निवेदनातला आवाज, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचे तुटपुंजे भांडवल, सगळ्यांचा उल्लेख होतो. संगीताला एक वाक्य मिळाले तर मिळते. वास्तविक शोमसाहेबांची गंभीर मुद्रा आपण ज्या मिश्कीलपणाने पाहू लागतो तो मिश्कीलपणा निम्मा संगीताचा आहे. ते त्याला हसत नाही, त्याच्या चालण्याकडे पाहून मान हलवते. असे करायला भावगीत उपयोगी नाही.

बासरीचा विचार केल्यावाचून रावांचा विचार होत नाही. वाद्यांचे तत, अवनद्ध, घन, सुषिर असे चार वर्ग भरतापासून चालत आले आहेत. शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'च्या सहाव्या, वाद्याध्यायात वंशाचे प्रकार मोठ्या बारकाईने सांगितले आणि पाव, पाविका, मुरली, मधुकरी अशी सुषिर वाद्ये नोंदवली. 'पावा' हा शब्द आजही आपल्या तोंडी आहे. म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांचे शास्त्र याच महाराष्ट्राच्या मातीत लिहिले गेले, आणि तरीही मैफलीच्या रंगमंचावर बासरीला स्वतंत्र आसन मिळायला विसावे शतक निम्मे उलटावे लागले. ते मिळवले पन्नालाल घोष यांनी (१९११-१९६०), बांबू लांब करून, सूर खाली आणून. पन्नालाल शिकले सरोदिये अलाउद्दीन खाँसाहेबांकडे. राव सतारिये रविशंकरांकडे. हरिप्रसाद चौरसिया सूरबहारवाल्या अन्नपूर्णादेवींकडे. तिघांच्याही फुंकीला वळण लावले ते मैहरच्या तंतुवाद्यांनी. तार छेडून सोडली की स्वर विझू लागतो. बासरीत स्वर विझत नाही, श्वास संपतो. तंतकाराची आलापी श्वासात बसवायची म्हणजे प्रत्येक वाक्य कुठे तोडायचे हे नव्याने ठरवावे लागते. आम्हाला वाटते, रावांची चित्रपटांतली काटछाट, ते अचानक थांबणे आणि भलत्याच ठिकाणाहून पुन्हा सुरू होणे, इथून येते. ज्याला आयुष्यभर श्वासाच्या मापाने उपज करावी लागली, त्याला सेकंदाच्या मापाची भीती वाटत नाही.

पुढे त्यांच्या शिष्यांपैकी रोणू मजुमदार यांचे नाव झाले. मैफलीतला गुरू म्हणून रावांची आठवण निघते ती त्यांच्यामुळे. पण संगीतरचनाकार रावांना शिष्य नाहीत, कारण आपल्याकडे त्या विद्येला घराणे नाही.

एक पळवाट इथेच बुजवून टाकतो. ही मंडळी म्हणजे 'फ्यूजन'वाली, असे म्हणून सुटका करून घेता येते. फ्यूजन हा शब्द आम्हाला मुळीच आवडत नाही. १९६६ साली लंडनमध्ये कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी 'इंडो-जॅझ सूट' काढली, तेव्हा निदान एक प्रश्न उभा होता: लिहिलेले आणि आयत्या वेळचे, या दोहोंचे काय करायचे? आपल्या गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस सॅक्सोफोनवर रागांचा अभ्यास करून जॅझमध्ये तोच प्रश्न सोडवत होते. नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) इंग्रजीत आले नसते तर मुंबईच्या त्या सगळ्या गोवेकर वादकांची नावेही आपल्याला कळली नसती. हिंदी गाण्यांतला जो 'पीस' आपण तोंडाने वाजवतो तो त्यांनी वाजवलेला असतो. रावांचा प्रश्न वेगळा होता. दोन संस्कृतींची सोयरीक जुळवायला ते बसले नव्हते. चित्र, यंत्र आणि श्वास यांचे एकमेकांशी काय नाते असावे, हे ते पाहत होते. 'पूर्व-पश्चिम मीलन' या शिक्क्याखाली ही चौकशी दडपली जाते.

आणि आता आमच्याच अंगणात येतो. मराठी सौंदर्यशास्त्राचा पाया म्हणून बा. सी. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) आपण शिकवतो. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरी करीत होते, संगीतिका लिहीत होते. त्यांनी कलांचा विचार 'लय' या तत्त्वावर उभा केला. संवादलय, विरोधलय, समतोललय. सत्तर वर्षे झाली, या तीन शब्दांवर प्रश्नपत्रिका निघत आहेत. एकदा तरी वर्गात पाच मिनिटांचे वाद्यसंगीत लावून 'यात विरोधलय दाखवा' असे कोणी विचारले आहे काय? संगीताकडून उसना घेतलेला शब्द आपण व्याजासह स्वतःच्या नावावर करून टाकला आणि ज्याच्याकडून घेतला त्याला ओळख दाखवत नाही. ब्लॉगवर एवढे कठोर लिहू नये, असे आमच्यातल्याच एकाचे मत पडले. पण मुद्दा तसाच ठेवला आहे.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे. आमच्या एका विद्यार्थ्याने मराठीच्या पदवीसाठी लघुप्रबंधाचा विषय दिला होता: लघुपटांतील निवेदन, मौन आणि ध्वनी. रावांचे काम त्याच्या केंद्रस्थानी. तपशील चोख होता. फिल्म्स डिव्हिजनचे पुष्कळ पट आता आंतरजालावर पाहता येतात, त्यामुळे सामग्रीची अडचण नव्हती. (२०२२ साली ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, पेडर रोडवरच्या त्याच आवारात आता चित्रपटसंग्रहालय आहे.) समितीने विषय परत पाठवला. शेरा तीन शब्दांचा: 'विषय वाङ्मयीन नाही.' समितीतल्या एका सन्मित्राने बाहेर आल्यावर आमच्या खांद्यावर हात ठेवून सल्ला दिला, "त्याला म्हणावं ग्रामीण कवितेतली निसर्गप्रतिमा घे. आपल्या भागाला ते शोभतं." आपल्या भागाला काय शोभते हे ठरवणारी ही माणसे आपल्याच भागातली असतात, हे या गोष्टीतले खरे दुखणे.

या मुलाचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवत. वाजवत, कारण डीजेच्या गाड्या आल्यापासून हंगामात चार-दोन वराती मिळाल्या तरी पुष्कळ. क्लॅरिओनेट हे वरातीतले पुढारी वाद्य. गाण्याचे मुख त्याच्याकडे. पण वरात चौकात अडकली, नाचणारे ऐकेनात, पुढच्या गाण्याचा इशारा मिळेना, की त्या पाच-दहा मिनिटांत काय वाजवायचे हे कोणत्याच वहीत लिहिलेले नसते. तिथे वाजवणारा स्वतःचे वाजवतो. मेळघाटात दिवाळीनंतरच्या घुंगरू बाजारांत थाट्या मंडळी बासऱ्या घेऊन नाचतात, तिथेही असेच. सुषिर वाद्यावर आयत्या वेळी सुचलेले वाजवणे ही वऱ्हाडात बाहेरून आणायची गोष्ट नाही. ती रस्त्यावर आहे, आणि रस्त्यावर आहे म्हणूनच बहुधा ती अभ्यासक्रमात नाही.

मुलाने एका संध्याकाळी मोबाइलवर वडिलांना 'एक्स्प्लोरर' दाखवला. आम्हीही होतो. चित्रांकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हे तं वरात दारात आल्यावरचं हाये. सारे एकदमच वाजवून रायले, कोणाचं कोणाले आयकू नाही येत. पण ठेका नाही सुटला कोणाचा." मग थोडे थांबून, "पुन्हा लाव बरं." विरोधलयीचे इतके नेमके विवेचन आम्ही वीस वर्षांच्या अध्यापनात उत्तरपत्रिकेत वाचलेले नाही, आणि व्यासपीठावरून ऐकलेलेही नाही.

या महिन्यात समिती पुन्हा बसते आहे. विषय पुन्हा पाठवला आहे. आतला एक शब्दही मुलाने बदललेला नाही. आम्ही फक्त शीर्षकात 'लय' हा शब्द घालायला लावला.